चारच्या भोंग्याची बरणी

१

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. सिल्वासात तेव्हा सगळी वेळ कारखान्यांच्या भोंग्यांवर चालायची. सकाळी आठचा, दुपारी चारचा. चारचा झाला की पाळी सुटायची, आमलीच्या रस्त्यावर सायकलींची रीघ लागायची, आणि आमच्या स्वयंपाकघरात फरसाणाच्या डब्याचं झाकण वाजायचं.

मी बांधकाम खात्यात आरेखक होतो. रेघ सरळ मारणं हा माझा धंदा, आणि माझ्या समजुतीप्रमाणे स्वभावही. बायको रजनी खेरडीच्या शाळेत शिक्षिका. शाळा सकाळची, त्यामुळे दोनपर्यंत ती घरी यायची. आम्ही दोघंही चिपळूणकडचे, सरकारी बदलीने इथे येऊन पडलो आणि मग इथलेच झालो. मुलगी शीतल तेव्हा नऊ वर्षांची होती.

रजनीचं खाणं बघण्यासारखं असायचं. लग्नानंतरची कित्येक वर्षं मी ते नुसतं कौतुकाने बघत होतो. डाव्या तळहातावर मूठभर फरसाण घ्यायची. आधी शेव, मग गाठी, मग पापडी. शेंगदाणे मात्र अंगठ्याच्या बुडाशी सारून ठेवायची, अंगठा आत दुमडून. सगळं संपलं की ते एकेक करून, डोळे मिटून. बाकी सगळ्या गोष्टींत माझ्या वाटणीचं आधी काढणाऱ्या या बाईने मला त्यातला दाणा कधी दिला नाही.

पण ती मूठ एक राहत नसे. चारला एक, पाचला दुसरी, पोळ्या लाटताना तिसरी. मुलांच्या वह्या तपासताना डबा मांडीशीच. तिच्या वर्गाच्या वह्यांवर तेलाचे डाग असत. मी म्हणायचो, "तुझी मुलं गणितात नापास होत नाहीत, शेवेत होतात." ती हसायची आणि हात पुन्हा डब्यात जायचा.

मग अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नवीन चपलेने तिच्या उजव्या पायाचा अंगठा सोलला. जखम भरेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टर चांगले होते, पण आडपडदा न ठेवणारे. म्हणाले, "बाई, तोंड आवरा. नाहीतर आज अंगठा, उद्या पाऊल. डबा आणि पाय यांतलं एक काहीतरी ठेवा."

तिने सगळं करून पाहिलं. डबा माळ्यावर टाकला. त्याला कुलूप लावून किल्ली माझ्या खिशात दिली. तोंडात लवंग धरली. एकदा मी ऑफिसातून लवकर आलो तर ही स्टुलावर चढलेली, दुखरा पाय अधांतरी, माळ्यावरच्या डब्याचा कडी-कोयंडा उचकटून खात होती आणि रडत होती. खाणंही थांबत नव्हतं आणि रडणंही. मी तिला खाली उतरवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

२

आषाढी एकादशीला तिने नेम धरला. चातुर्मासात बायका काहीतरी सोडतात, कुणी वांगं, कुणी गूळ, कुणी एका वेळचं जेवण. चार महिने ती वस्तू तोंडात घालायची नाही आणि कार्तिकीला तीच वस्तू कुणाला तरी दान द्यायची. दान दिलं की नेम सुटला. रजनीने मधल्या वेळचं खाणं सोडलं.

"पण आमच्या आईची पद्धत थोडी वेगळी," ती म्हणाली. "नुसतं सोडायचं नाही. रोज आपल्या वेळेला आपली मूठ काढायची, हातात घ्यायची, आणि खायची नाही. बाजूला टाकायची. शेवटी ते साठलेलं सगळं द्यायचं."

"चार महिने साठवलेलं फरसाण? पावसाळ्यात? दान घेणाऱ्याला त्यापेक्षा दोन शिव्या दे."

"तुम्ही थट्टा करा. आईचं खाणं असंच सुटलं होतं. पासष्टाव्या वर्षी दोन मैल चालत देवळात जाते ती."

हे खरं होतं. माझ्या सासूबाईंना मी कधी जेवणाशिवाय काही खाताना पाहिलं नव्हतं.

तिने फडताळातून एक काचेची बरणी काढली. जाड, हिरवट काच, पितळेचं फिरकीचं झाकण. माहेरची होती. लग्नाआधीपासून तिच्याकडे होती एवढंच मला माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम दोनदा चारच्या आत घरी आलो. भोंगा झाला. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली, डब्यातून मूठ काढली. बोटांच्या फटींतून शेव फरशीवर सांडत होती. ओठ घट्ट. मूठ तोंडापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि हळूहळू, जड वस्तू उतरवावी तशी, बरणीवर आली. मग तिने झाकण फिरवलं आणि भिंतीला डोकं टेकून बसून राहिली. मी तिच्याजवळ बसलो नाही, फरशीवरची शेव वेचत राहिलो. पण खरं सांगतो, एवढं मोठं काम मी त्यापूर्वी कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

३

श्रावण लागला. एका रविवारी चहाची पत्ती शोधताना बरणी हातात आली आणि मला वाटलं, हे कमी आहे.

आरेखकाचे डोळे आहेत माझे. तिची एक मूठ त्या बरणीत साधारण अर्धं बोट उंची भरते. तीन आठवडे झाले होते. बरणी वरपर्यंत यायला हवी होती, प्रत्यक्षात ती तळापासून जेमतेम चार बोटं भरलेली होती.

उंदीर म्हणावं तर झाकण फिरकीचं. शीतल म्हणावं तर तिची शाळा पाचला सुटायची, आणि तिला फरसाण आवडतही नसे, शेंगदाणे तर ती पोह्यांतूनही वेचून काढायची. राहिल्या आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या भिमाबाई. जळगावकडच्या, नवरा सुताच्या कारखान्यात. पाच वर्षांत त्यांनी साखरेचा दाणा न विचारता उचलला नव्हता. त्यांचं नाव मनात आणल्याचीच मला लाज वाटली.

मग मी बरणी उजेडात धरली. वरच्या थरात शेव नव्हती. गाठी नव्हत्या. नुसते शेंगदाणे होते. कुणीतरी बाकीचं सगळं आधी खाल्लं होतं आणि दाणे शेवटासाठी ठेवले होते.

अशी खाणारी माझ्या ओळखीत एकच बाई होती.

मी तिला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी माझ्या स्वभावाला साजेसं काम केलं. ऑफिसातली काळी शाई आणून बरणीवर, दाण्यांच्या पातळीला, केसाएवढी बारीक रेघ मारली. बायकोवर पाळत ठेवायला मला रेघ पुरली. आज ते लिहिताना हात अडखळतो, पण लिहिलं पाहिजे.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बघायचो. रोज तिची मूठ आत पडायची आणि रोज पातळी रेघेवर यायची. ना वर, ना खाली.

४

भाद्रपदात पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. साखर दीडशेच्या आत होती. त्यांनी पट्टी सोडली. अंगठ्यावर गुलाबी, नवी कातडी आली होती.

"काय केलंत बाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तोंड बंद ठेवलं," रजनी म्हणाली.

दवाखान्यातून बाहेर पडताना ती लंगडत नव्हती. मी तिच्या मागून चालत होतो, कारण मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. चोरून खाणाऱ्या बाईचं रक्त असं बोलत नाही. तिने एक कणसुद्धा खाल्ला नव्हता. दीड महिना मी जिच्यावर रेघ मारून बसलो होतो ती त्या शहरातली सगळ्यांत खरी बाई होती.

पण मग रेघेचं काय?

घरी आल्यावर मी बरणी उघडली. भाद्रपदातला सिल्वासा ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. भाजलेला पापड ताटात येईपर्यंत सादळतो, काड्यापेटीची काडी ओढावी तर गूल निघून येतं. मी एक दाणा उचलून बोटांत चिरडला. कटकन फुटला. आत्ताच कढईतून निघाल्यासारखा. नाकाला ताज्या तेलाचा वास आला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी झटकन झाकण लावलं. का ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी भिमाबाई ओट्यापाशी हात बांधून उभ्या होत्या. रजनीने त्यांना फडताळ पुसायला सांगितलं होतं.

"बाई, बाकी सगळं पुसते. ती बरणी मी नही उचलणार."

"का हो?"

"ते उष्टं शे. त्याला तोंड लागेल शे."

"कुणाचं तोंड, भिमाबाई?" मी मध्येच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रजनीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कार्तिकीला मला देऊ नका बाई. दुसरं काही नसलं तरी चालेल, लुगडं नको, काही नको. घरात चार लेकरं शेतस माझी."

रजनी म्हणाली, "नाही देणार. शप्पथ." आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या, जसं काही भाजीपाल्याचं बोलणं झालं होतं.

५

नवरात्र संपल्यावर एका शनिवारी मी अर्धी रजा टाकली. रजनीला सांगितलं नाही. मागच्या दाराने आलो, चपला हातात घेतल्या आणि मधल्या खोलीत कपाटाशेजारी उभा राहिलो. तिथून स्वयंपाकघराचं दार अर्धवट दिसायचं.

मनाला मी बजावत होतो की माझा हेतू चांगला आहे. आता मी तिला पकडायला आलेलो नाही, तिच्या बाजूने साक्ष द्यायला आलोय. चाळिशीतला माणूस, मॅट्रिकला गणितात पंचाऐंशी मार्क, अंगावर ऑफिसचे कपडे आणि हातात चपला. मला हसू यायला हवं होतं.

भोंगा झाला. लांबलचक, नेहमीसारखा. तो विरल्यावर झाकण फिरल्याचा आवाज आला, पितळेचा काचेवर. मग मूठ आत पडल्याचा. मग परत झाकण. इथपर्यंत सगळं माहितीचं.

त्यानंतर चावण्याचा आवाज सुरू झाला.

कुर्रर्र, कुर्रर्र. घाई नाही, समाधानाने, जीभ फिरवत. मी पंधरा वर्षं तो आवाज शेजारच्या खोलीतून ऐकला होता, झोपेतही ओळखला असता. मन म्हणालं, संपलं, खाते आहे ती. रक्ताचा कागद चुकला असेल. मी एक पाऊल पुढे सरकलो.

रजनी पाटावर बसली होती, तोंड माझ्याच दिशेने. ओठ मिटलेले. गाल स्थिर. दोन्ही हात मांडीवर, रिकामे, एकमेकांत घट्ट अडकवलेले. घामाने कपाळ भिजलं होतं. आणि ती समोर बघत होती.

तिच्यासमोर दुसरा पाट होता, दाराच्या फळीने अर्धा झाकलेला. त्याच्यावर कुणीतरी बसलं होतं. मला जे दिसलं तेवढंच सांगतो. रजनीच्याच हिरव्या साडीचा पाठीवरचा पदर. अंबाड्याखालची मान. आणि एक कान. कानात मोत्याची कुडी. चावताना जबडा हलतो तशी ती कुडी वरखाली होत होती.

रजनीच्या दोन्ही कुड्या तिच्या कानांत होत्या. त्या हलत नव्हत्या.

किती वेळ गेला माहीत नाही. आवाज थांबला. मग थोड्या वेळाने एकेक करून, सावकाश, दाणे फुटायला लागले. पण एक-दोनच. बाकीचे राहू दिले.

माझ्या हातातली चप्पल पडली. पाट रिकामा होता.

६

"दिसली का?" रजनीने विचारलं. रागावून नाही. मी दारात बसलो होतो आणि ती मला पाणी देत होती.

"कोण आहे ती?"

"मीच. दुसरी कोण असणार? माझी भूक आहे. मी सोडली, ती कुठे जाणार? दुसऱ्या आठवड्यापासून रोज चारला येऊन बसते." तिने पदराने कपाळ पुसलं. "पहिल्यांदा आली तेव्हा मी ओरडले होते. मग सवय झाली. सवयीचं काय, कशाचीही होते."

"आणि तू रोज तिच्यासमोर बसतेस? खाताना बघत?"

"उठून गेले तर मागे येते. बसलेलं बरं."

जवळजवळ तीन महिने. रोज, त्या वासासमोर, त्या आवाजासमोर, स्वतःच्याच सुखी चेहऱ्यासमोर हात मांडीवर बांधून ही बाई बसली होती, आणि मी बाहेर शाईच्या रेघा मारत होतो. माणसाला एवढं बळ कुठून येतं मला माहीत नाही. मी तिचे हात धरले. तळव्यांत नखांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही आजच्या.

"सासूबाईंनी सांगितलं होतं का हे?"

"आईचा नेम सुटला तेव्हा मी दहा वर्षांची होते. कार्तिकीला तिने ही बरणी मला दिली. म्हणाली, लेकीला दिलेलं दान सगळ्यांत चांगलं. त्याआधी मी फरसाणाला हात लावत नसे, अहो. आपल्या शीतलसारखी होते."

"त्यांना ठाऊक होतं?"

"ते मी विचारलं नाही. आता विचारणारही नाही."

मी म्हटलं, दमणगंगेत टाकून येऊ. ती म्हणाली, "घाटावर बायका कपडे धुतात, पोरं अंघोळ करतात, गुरं पाणी पितात. कुणाच्या तरी पदरात जाईलच की."

"मग पुरू."

"द्यायलाच लागतं. नाही दिलं तर जवळचं कुणीतरी हात पुढे करतं." आणि तिने शीतलच्या दप्तराकडे पाहिलं. दप्तर खुंटीला टांगलेलं होतं, त्यातून फूटपट्टी बाहेर आली होती.

७

कार्तिकी एकादशीला शाळेला सुट्टी होती. मी शीतलला दुपारी बाहेर न्यायचं ठरवलं होतं, तिच्या मैत्रिणीकडे, कुठेही. निघायच्या वेळी, साडेतीनला, ती गाढ झोपली. आम्ही दोघांनी हलवलं, चेहऱ्यावर पाणी मारलं, ती कूस बदलून पुन्हा झोपली. तिला उचलून न्यायला मी वाकलो, तेवढ्यात भोंगा झाला आणि पोर ताडकन उठून बसली.

"आई, भूक लागली."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तिचा फ्रॉक धरला होता, तो माझ्या हातातून कसा निसटला मला कळलं नाही. ती फडताळासमोर उभी राहिली आणि तिने डावा हात पुढे केला. एवढासा तळवा, त्यावर पेनाची निळी शाई. अंगठा आत दुमडलेला. ज्या मुलीने आयुष्यात शेंगदाणा खाल्ला नव्हता तिने दाणे ठेवायला जागा करून ठेवली होती. तोंड बंद होतं आणि जबडा हलत होता, अगदी हळू.

"दे ना आई. माझं आहे ना ते?"

रजनी मध्ये आली. तिने बरणीचं झाकण काढलं. क्षणभर, तिच्याबद्दल सगळं माहीत असूनही, मला वाटलं की ती देणार. तिचा पाय बरा झाला होता. चार महिने ती माणसांत आली होती, रात्री शांत झोपत होती, सकाळी गुणगुणत बस पकडायला जात होती. फक्त ती बरणी त्या तळव्यावर तिरकी करायची होती. कुणी दोष दिला नसता. तिच्या आईने तेच केलं होतं.

"नाही बाळा. आईचं आहे," ती म्हणाली, आणि तिने मूठ भरून स्वतःच्या तोंडात कोंबली.

मी ओरडलो का ते आठवत नाही. तिने चावलं, गिळलं, दुसरी मूठ घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाल मात्र, त्यांचं काही ऐकत नसल्यासारखे, सुखाने हलत होते. शीतलचा हात हळूहळू खाली आला. तिने डोळे चोळले.

"ई, किती खातेस आई," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

पुढच्या जानेवारीत अंगठ्याची जखम पुन्हा उघडली.

८

त्यानंतर दहा वर्षं रजनी रोज चारला खायची. एकच मूठ, त्या बरणीतून, जी कधी रिकामी होत नसे. पाचला नाही, पोळ्या लाटताना नाही. पण ती मूठ संपायला पाऊण तास लागायचा, आणि शेवटी झाकण लावून ती अंगणात येईपर्यंत मी काही बोलत नसे. गोळ्या होत्या, पथ्य होतं, नंतर सुया आल्या. त्र्याण्णवला पायाची दोन बोटं गेली. बरणी तीच, माझी काळी रेघही तीच, घासून जात नव्हती.

शीतल काडीसारखी सडसडीत वाढली. जेवायची, उठायची. ताटाबाहेरच्या खाण्याकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नाही. बारावीनंतर नर्सिंगला गेली आणि सुट्टीत घरी आली की आईला धारेवर धरायची.

"आई, मनाचा निग्रह म्हणून काही असतो की नाही? एक मूठ सोडता येत नाही तुला? आमच्या वॉर्डात अडाणी बायका पथ्य पाळतात."

"नाही जमत गं," रजनी म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात ताकीद असायची. निग्रह! माझ्या जिभेच्या टोकाशी सगळं यायचं आणि मी ते गिळायचो. गिळण्याच्या बाबतीत आमचं घर तरबेज झालं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात तिचं उजवं पाऊल काढावं लागलं. वापीच्या एका दवाखान्यात. शीतल रजा काढून आली. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, जेवणाचा डबा आणायला आम्ही दोघं घरी निघालो, तेव्हा रजनीने माझी बाही धरली.

"चारला घरी असाल का?"

"असू बहुतेक."

"मग शीतलच्या आधी आत जा."

तिला गुंगी होती. मला वाटलं, घर आवरलेलं नाही म्हणून म्हणते आहे. एवढा मी हुशार.

घरी पोचलो. शीतलने भात टाकला, कपडे बदलले, वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. मी डब्याला झाकण शोधत होतो. भोंगा झाला. तोपर्यंत भोंगे कमी झाले होते, पण हा अजून होता.

वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज आला.

"बाबा, घरात काही खायला आहे का हो?"

तो आवाज शीतलचा होता. पण असं वाक्य तिच्या तोंडून मी त्या एका कार्तिकीनंतर ऐकलं नव्हतं. मी वळलो. फडताळाच्या खालच्या फळीपाशी, जिथे पाट ठेवायचे तिथे, हिरवा पदर सरकला. कुडी चमकली. दारात शीतल होती, डावा हात पुढे, अंगठा दुमडलेला.

पंच्याण्णव पावलं चालल्यावर धाप लागणारा माणूस मी, पण तिच्या आधी पोचलो. झाकण फिरवलं, मूठ भरली आणि तोंडात घातली.

चव कशी होती ते लिहिणार नाही. कुणी वाचून विचारील.

शीतलचा हात खाली आला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो राग होता तो अगदी शुद्ध, तिचा स्वतःचा होता. "बाबा! आईचं पाऊल परवा कापलंय. आणि तुम्ही उभ्या उभ्या फरसाण खाताय?"

माझं तोंड भरलेलं होतं. ती पाय आपटत भाताकडे गेली. मी डाव्या तळहाताकडे पाहिलं. शेव संपली होती, गाठी संपल्या होत्या. दाणे अंगठ्याच्या बुडाशी सारलेले होते. ते मी कधी सारले?

ते संपवले. मग झाकण लावायला घेतलं, आणि ते लागेना. फिरकीत काही बिघाड नव्हता. माझा हातच वळत नव्हता, तो आत जायला बघत होता. दोन्ही हात लावून, बरणी पोटाशी धरून, दात-ओठ खाऊन मी ते फिरवलं तेव्हा सदरा घामाने भिजला होता. रजनीने हे दहा वर्षं रोज केलं होतं, आणि वर अंगणात येऊन मला चहा विचारला होता.

पाचच्या बसने आम्ही वापीला गेलो. वाटभर शीतल मला साखरेबद्दल समजावत होती आणि मी मान डोलवत होतो.

रजनी उशीला टेकून बसली होती. मी डबा ठेवला. तिने माझ्या मिशीकडे पाहिलं, हात लांब करून तिथला शेवेचा बारीक तुकडा चिमटीत उचलला, आणि बराच वेळ तो बघत राहिली. मग माझा डावा हात ओढून घेतला. अंगठा दुमडलेलाच होता. तिने तो सोडवला, एकेक बोट सरळ केलं, आणि तळव्यात तोंड लपवून रडली. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"आई, आता तूच सांग यांना काहीतरी," शीतल म्हणाली.

"सांगते," रजनी म्हणाली. "उद्यापासून तुम्ही समोर बसा. मी शिकवते झाकण लावायला."